कार्बन डायऑक्साइड आणखी वाढला तर फरक का पडतो?

हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या वाटणीची उष्णता आधीच अडवतोय, मग भर पडून काय होणार? स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी 1900 साली नळीत वायू भरून प्रयोग केला, तेव्हापासूनचा हा आक्षेप. आक्षेप बावळट नाही, अर्धवट आहे.

तापलेली जमीन अवरक्त प्रारण, म्हणजे न दिसणारी उष्णता, बाहेर टाकते. त्यातला 15 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पट्टा हा वायू शोषतो. पट्ट्याच्या मध्यावर ते जमिनीपासून काही मीटरांतच अडतं, हे खरंच. पण शोषणारी हवा तीच उष्णता पुन्हा चहूकडे फेकते. असं होत होत ती वर सरकते आणि हवा पुरेशी विरळ झाली की अवकाशात निसटते. सगळ्या तरंगलांब्या धरून ही निसटण्याची उंची सरासरी 5 किलोमीटर, तिथलं तापमान उणे 18 अंश सेल्सिअस.

वायू दुप्पट केला की ही उंची सुमारे 150 मीटरने वाढते. तिथली हवा जास्त थंड, म्हणून ती उष्णता कमी फेकते. ऊन मात्र पूर्वीइतकंच येतं. नवा थर उणे 18 ला पोचेपर्यंत खालचं सगळं तापत जातं; किलोमीटरमागे 6.5 अंश घट धरली तर सुमारे 1 अंशाने. त्याहून वरचा थर, म्हणजे स्थितांबर, मात्र थंड होतं, कारण तिथला जास्तीचा वायू अवकाशात जास्त उष्णता फेकतो. सूर्य तापला असता तर तेही तापलं असतं.

उरलेलं काम बाष्प करतं. तापमान अंशभर वाढलं की हवेत सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं आणि तेही उष्णता अडवतं. बर्फ वितळून परावर्तन घटतं. ढगांचा हिशेब सगळ्यात किचकट. म्हणूनच दुपटीमागे अंतिम वाढ 2.5 ते 4 अंश अशी सांगतात, मध्यावर 3.

वाढ लघुगणकी आहे: 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग, उद्योगयुगाआधीचं प्रमाण) वरून 560 ला जितकी, तितकीच 560 वरून 1120 ला. 2023 च्या सुमाराचं प्रमाण 420, म्हणजे मूळच्या दीडपट. दीडचा नैसर्गिक लघुगणक 0.405, दोनचा 0.693, भागाकार 0.584. त्याला 3 ने गुणलं की 1.75 अंश.

2011 ते 2020 या दशकात मोजलेली वाढ मात्र 1850-1900 च्या तुलनेत 1.1 अंश होती. उष्णता अडवणाऱ्या मिथेनची भर आणि ऊन परतवणाऱ्या सल्फेट कणांची वजावट यांमुळे ही तुलना ढोबळच. पण मुख्य म्हणजे जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते, आणि एवढं पाणी तापायला शतकं लागतात.