प्रत काढणे चोरी नसले, तरी गुन्हा कसा ठरतो?

नागपुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये पुस्तकांच्या पीडीएफसोबत एक समजूत वर्षानुवर्षे फिरते आहे: ‘मूळ पुस्तक मालकाकडेच राहते, आपण पैसेही घेत नाही, म्हणून यात गुन्हा नाही.’

यातील पहिला भाग खरा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरीसाठी जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून संमतीविना, अप्रामाणिक हेतूने हलवावी लागते आणि प्रत काढल्याने मूळ वस्तू जागची हलत नाही. निष्कर्ष मात्र चुकतो, कारण लेखकाचा हक्क कागदावर नसून नव्या प्रती काढण्यावर व त्या लोकांपर्यंत पोहोचवण्यावर असतो, आणि तो कॉपीराइट अधिनियम, 1957 ने स्वतंत्रपणे राखलेला आहे. म्हणूनच सीताबर्डीवरून जुने पुस्तक विकत घेणे वैध ठरते. तेथे नवी प्रत जन्मत नाही.

पैशाचा मुद्दा या अधिनियमाचे कलम 63 वाचून कोणालाही तपासता येईल. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी तेथे 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि दंड सांगितला आहे. व्यापारी नफ्याचा हेतू नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. शिक्षा कमी होण्याची तरतूद आहे, याचाच अर्थ गुन्हा शिल्लक राहतो.

पुस्तके महाग आहेत, ही विद्यार्थ्यांची अडचण मला पूर्णपणे मान्य आहे. स्वतःच्या अभ्यासापुरत्या न्याय्य वापराला कलम 52 मुभा देते. संपूर्ण पुस्तक शेकडो जणांना पाठवणे त्यात बसवणे कठीण आहे.