मेट्रो निओ आणि बीआरटी यांतला नेमका फरक

नाशिकच्या वाहतुकीचा विषय कोठेही निघो, द्वारका चौकात अडकलेल्या रिक्षात किंवा जाणकारांच्या परिसंवादात, त्यात दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की, बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेची व्यवस्था, पुण्यात फसली, तेव्हा ती नाशिकला नकोच. दुसरे असे की, मेट्रो निओ, म्हणजे रबरी चाकांवरची मेट्रो, एकदाची आली म्हणजे प्रश्न सुटला. ही दोन्ही विधाने बहुधा एकाच माणसाच्या तोंडून एकाच दमात बाहेर पडतात, याचे मला आता नवल वाटेनासे झाले आहे. परंतु निओ आणि बीआरटी या एकाच कुळातल्या व्यवस्था असून त्यांतली एक झिडकारून दुसरी डोक्यावर घेणाऱ्याने दोहोंतल्या खऱ्या फरकाकडे पाहिलेलेच नसते, एवढे मात्र पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

सिटीलिंकची बस नाशिककरांना समजावून सांगण्याची गरज नाही. एसटीकडची शहर बससेवा महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे आली आणि ८ जुलै २०२१ पासून या बस धावू लागल्या. त्या सर्व वाहनांच्या गर्दीतून वाट काढतात आणि गर्दी थांबली की थांबतात. बीआरटी म्हणजे अशाच बससाठी रस्त्यावर राखून ठेवलेली मार्गिका, बसच्या तळाशी समपातळीत असलेला फलाट आणि चढण्यापूर्वी घेतलेले तिकीट. मेट्रो निओ म्हणजे रबरी चाकांची, वरच्या विजेच्या तारांवर चालणारी, दोन किंवा तीन भाग सांध्यांनी जोडलेली लांब बस, आणि तिच्यासाठी नाशिकच्या आराखड्यात खांबांवर उचललेला मार्ग योजलेला आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये या प्रकल्पाला मान्यता दिली आणि २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तो २,०९२ कोटी रुपये खर्चाचा म्हणून जाहीर झाला. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन मुख्य मार्ग, मिळून सुमारे ३३ किलोमीटर, दोहोंचा सांधा सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, असा तो आराखडा आहे. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा, त्यातला भुयारी भाग धरून, सुमारे ३१ किलोमीटरचा होता आणि त्याचा मंजूर खर्च ११,४२० कोटी होता. निओ स्वस्त म्हणतात ती या हिशेबाने, आणि तेवढे खरे आहे.

आता ज्या फरकांवर लोक तासन्‌तास वाद घालतात ते दोन वाक्यांत आटोपतो. रबरी चाके दोन्हींकडे आहेत. वरच्या तारा बीआरटीलाही लावता येतात, कारण इक्वेडोरच्या कीतो शहरात १९९५ पासून तारांवरच्या बस राखीव मार्गिकेतून धावत आल्या आहेत. आणि तीन भागांच्या लांबलचक बस ब्राझीलच्या कुरितिबात १९९० च्या दशकापासून जमिनीवरच्याच मार्गिकेत चालतात. मुंबईतही बेस्टने १९६२ ते १९७१ या काळात तारांवरच्या ट्रॉलीबस चालवल्या होत्या, पण त्या साध्या रस्त्यावर इतर वाहनांबरोबर चालत असल्याने त्यांना कोणी मेट्रो म्हटले नाही आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. वाहनाचा रंग, दारांची संख्या, वातानुकूलन, मोबाइलवरचे तिकीट यांची चर्चा ज्यांना करायची असेल त्यांनी खुशाल करावी.

खरा फरक वाहनाच्या जागेचा आहे, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. सार्वजनिक वाहनाला रस्त्यावर तीन प्रकारे जागा मिळू शकते. पहिला प्रकार सरमिसळीचा, म्हणजे सिटीलिंकचा. दुसरा प्रकार असा की, वाहनाला लांबीच्या दिशेने स्वतंत्र मार्गिका मिळते, पण चौकात आडव्या रहदारीशी त्याची गाठ पडतेच. बीआरटी या वर्गात येते. तिसऱ्या प्रकारात वाहनाचा मार्ग सर्वांपासून पूर्णतः वेगळा, वर किंवा जमिनीखाली असतो आणि चौकाशी त्याचा संबंधच उरत नाही. रूळांवरची मेट्रो आणि खांबांवरची निओ या वर्गात मोडतात. प्रवासाला किती वेळ लागेल आणि पुढची गाडी वेळेवर येईल की नाही, हे मुख्यतः या वर्गावर ठरते. त्यापुढे इंजिनाचा प्रकार गौण आहे.

याचा पुरावा नाशिकच्याच आराखड्यात आहे, आणि तो कोणी वाचत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. निओच्या मुख्य मार्गांना जोडून पूरक मार्गही सुचवलेले आहेत: एक सातपूर कॉलनीकडून गरवारेमार्गे मुंबई नाक्याकडे येणारा, दुसरा नाशिकरोडहून नांदूर नाक्याकडे जाणारा. या पूरक मार्गांवर तारा नाहीत आणि खांबही नाहीत. मुख्य मार्गावर धावताना चार्ज झालेल्या बॅटरीवर तीच गाडी साध्या रस्त्याने जाणार, असे तेथे गृहीत धरले आहे. म्हणजे वरून वाऱ्यासारखी आलेली गाडी खाली उतरताक्षणी, रंग, तळ, दारे, चालक काहीही न बदलता, सिटीलिंकच्या बसमागे त्याच ट्रकांच्या रांगेत उभी राहील. आपण ज्याला निओ म्हणतो त्याचा सगळा गुण गाडीत असता, तर तो खाली उतरल्यावरही टिकला असता.

उलट बाजूने पाहिले तरी तेच दिसते. केंद्राच्या निकषांत निओची कल्पना गर्दीच्या तासाला एका दिशेने सुमारे ८,००० प्रवाशांपर्यंतच्या मार्गांसाठी मांडलेली आहे. तीनभागी गाडीत अडीचशे माणसे आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी धरली तर ७,५०० होतात, म्हणजे आकडा हिशेबाला धरून आहे. कोलंबियाच्या बोगोता शहरातील ट्रान्समिलेनियो ही २००० साली सुरू झालेली बीआरटी, स्थानकांजवळ बसना एकमेकींना ओलांडून जाण्याची सोय असल्यामुळे, तिच्या सर्वाधिक गर्दीच्या पट्ट्यात एका दिशेने तासाला ४०,००० हून अधिक प्रवासी नेत आली आहे. तेव्हा 'बीआरटी लहान शहरांसाठी आणि निओ मोठ्यांसाठी' हे जे सर्रास बोलले जाते, ते उफराटे आहे.

मग पुण्यात काय झाले? डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यातली मार्गिका सलग नव्हती, जेथे गर्दी सर्वांत जास्त तेथेच ती तुटत होती, आणि जेथे होती तेथे दुचाक्या आणि मोटारी तिच्यात शिरत होत्या. जी व्यवस्था दुसऱ्या वर्गातली म्हणून बांधली गेली ती प्रत्यक्षात पहिल्या वर्गात चालली, आणि दोष बीआरटीच्या नावावर जमा झाला. अहमदाबादमध्ये २००९ मध्ये सुरू झालेल्या जनमार्ग या बीआरटीला मध्यभागी बंदिस्त स्थानके आणि चालवण्यासाठी स्वतंत्र कंपनी मिळाली, म्हणून तेथे ही कल्पना अधिक तग धरून राहिली. बीआरटीतली मार्गिका रंगाने आणि कठड्याने आखली जाते, पण ती राखली जाते पोलिसांनी. निओला खांबांवर चढवण्यासाठी जे शेकडो कोटी मोजायचे आहेत, त्यांतला मोठा भाग म्हणजे ही शिस्त रोज राखण्याचे काम टाळण्याची एकरकमी किंमत आहे. ज्या शहराला स्वतःच्या वाहतूक पोलिसांवर विश्वास नाही त्याने निओ घ्यावी, यात गैर काही नाही; फक्त आपण काय विकत घेत आहोत हे घेताना माहीत असावे.

येथे अंमलबजावणीविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे. आपल्याकडे कारवाई म्हटली की हेल्मेट आठवते. १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलीस आयुक्तालयाने 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीम नाशिकमध्ये राबवली होती. हेल्मेटचा आग्रह योग्यच आहे, परंतु तो दुचाकीस्वाराच्या स्वतःच्या डोक्याचा प्रश्न आहे. बसथांब्यासमोर आडवी लावलेली मोटार हा मागच्या बसमधल्या साठ जणांचा प्रश्न आहे आणि त्याच्याकडे आपण सौजन्याने दुर्लक्ष करतो. कायद्याची उणीव आहे असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार मनाईच्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेता येते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७ अ मुळे मनाईच्या जागी वाहन थांबवणे, उलट दिशेने येणे, सिग्नल तोडणे अशा गुन्ह्यांसाठी कॅमेऱ्याच्या नोंदीवर ई-चलान पाठवता येते. साध्या मार्गिकेत एखादी मोटार उभी राहिली तर इतर वाहने तिला वळसा घालून जातात. बसमार्गिकेत तीच मोटार उभी राहिली तर ती मार्गिकाच बंद होते. त्यामुळे बीआरटीत महिन्यातून आठ दिवसांची मोहीम आणि तिची वृत्तपत्रातली छायाचित्रे यांचा उपयोग शून्य असतो, तेथे कॅमेरा रोज चालू असावा लागतो.

'वर नेले की सुटले' या समजुतीवर नाशिककरांनी तरी विश्वास ठेवू नये. मुंबई-आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला झाला आणि लांबचा प्रवास करणाऱ्यांची खरोखरच सुटका झाली. पण पुलाखालच्या द्वारका चौकात पुणे रस्त्याची वाहने, रिक्षा, एसटी आणि पायी चालणारे लोक जसे होते तसेच आहेत. उन्नत मार्गाचा लाभ वर असलेल्यांनाच मिळतो. निओचा मुख्य मार्गही याच द्वारकेवरून जाणार असल्याने तिचे खांब आणि जिने कोठे उतरतील, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

जिन्यांवरून पदपथांकडे येतो, कारण निओ आणि बीआरटी यांतला दुसरा महत्त्वाचा फरक तेथे आहे. बीआरटीचे स्थानक रस्त्याच्या मध्यभागी जमिनीवर असते. तेथे पोचायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून सिग्नल आणि झेब्रा पट्टा पाळला जाणे अनिवार्य ठरते. निओच्या स्थानकाला जिना आणि लिफ्ट लागते आणि ती दोन्ही पदपथावरच उतरतात. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी चालण्यासाठी पूर्ण मोकळी हवी आणि गर्दीच्या बाजारपेठेत त्याहून बरीच जास्त. शालिमार, मेन रोड, रविवार कारंजा या परिसरात सलग १.८ मीटर मोकळा पदपथ शोधू जाल तर दुकानाच्या पुढे आलेल्या पायऱ्या, जाहिरातीचा फलक, विजेची पेटी आणि उभ्या दुचाक्या यांतून वाट काढत शेवटी रस्त्यावरच उतरावे लागते. तेथे जिना बसवण्यापूर्वी या पायऱ्या हटवाव्या लागतील, आणि ते काम मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रो कंपनीचे नसून महापालिकेचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा वापर हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे, तेव्हा हे काम निओसाठी अडून राहण्याचे कारणही नाही. फेरीवाल्यांना हुसकावणे म्हणजे पदपथ मोकळा करणे, हा समज मात्र मला मान्य नाही. २०१४ च्या कायद्याने त्यांना जागा नेमून देण्याची पद्धत घालून दिली आहे आणि पक्क्या पायऱ्या बांधणाऱ्या दुकानदाराला तसे कोणतेही संरक्षण दिलेले नाही.

दोहोंतले एक निवडायला सांगितले तर मी आधी बसमार्गिका निवडेन. निओला माझा विरोध नाही, पण जाहीर झाल्यापासून इतकी वर्षे लोटली तरी तिचा एकही खांब उभा राहिलेला नाही. सगळ्या शहरभर बीआरटी आखण्याची घाईही मला नको. पुणे रस्त्यावर द्वारका ते दत्त मंदिर हा नाशिकरोडकडचा पट्टा घ्यावा, सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळेपुरती कडेची एक मार्गिका सिटीलिंक, एसटी आणि रुग्णवाहिकांसाठी राखावी, थांब्यांवर कॅमेरे बसवावेत आणि थांब्यापर्यंतचा पदपथ आधी मोकळा करावा. यासाठी केंद्राची मंजुरी लागत नाही. मात्र महापालिका आणि वाहतूक शाखा यांना दर आठवड्याला एका टेबलाशी बसावे लागेल, आणि कोणत्या थांब्यावर किती वाहनांना चलान गेले व बसला द्वारका ते दत्त मंदिर अंतर कापायला किती मिनिटे लागली, हे दोन आकडे लोकांपुढे मांडावे लागतील. निओचा पुढचा आराखडा जेव्हा येईल तेव्हाही त्यात गाडीचे चित्र बाजूला ठेवून आधी एवढे पाहावे की, ती किती किलोमीटर खांबांवर आहे, किती किलोमीटर रस्त्यावर आहे आणि रस्त्यावरच्या भागात तिच्यासाठी मार्गिका राखलेली आहे की नाही.