देहोपस्थिती याचिका : सातारा-सांगलीसाठी अधिकार कोणत्या न्यायालयाचा

बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाला आमच्यापुढे हजर करा आणि कोणत्या अधिकाराने अडकवले ते सांगा, असा आदेश न्यायालयाकडे मागणारा अर्ज म्हणजे देहोपस्थिती याचिका. सरकारी मराठीत ‘बंदी प्रत्यक्षीकरण’. कोर्टाच्या आवारात मात्र नुसते ‘हेबियस’. अटकेतल्या माणसाच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रही ती दाखल करू शकतो.

हा आदेश संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय काढते. साताऱ्याचे किंवा सांगलीचे सत्र न्यायालय खुनाच्या खटल्यात फाशी सुनावू शकते, पण हेबियस काढू शकत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटेच वाटते.

दोन्ही जिल्ह्यांच्या याचिका पूर्वी मुंबईला जात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याकडे आले. अटक केलेल्याला पोलिसांनी, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे असते. मुलाला रात्री उचलून नेले आणि पत्ता लागेना, तर सांगलीच्या आईचे त्यातले बरेच तास पूर्वी मुंबईच्या वाटेवरच जात. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे.

हुकूम कुठवर चालतो, हा वाद या मुलखाला नवा नाही. १८२८ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने पुण्यातल्या मोरो रघुनाथ या मुलासाठी हेबियस काढले. गव्हर्नर माल्कमने ते चालू दिले नाही आणि पुढल्या वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही (तेव्हाचे वरचे अपिलाचे ठिकाण) कोर्टाचा हात मुंबईपुरताच असल्याचे सांगितले. साताऱ्यात तर तेव्हा छत्रपती प्रतापसिंह गादीवर होते; तिथे त्या कोर्टाचा हात पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

आज सीमेचा प्रश्न १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने बराच सोडवला आहे. दाव्याचे कारण अंशतः जरी आपल्या हद्दीत घडले असले तरी उच्च न्यायालय राज्याबाहेरच्या अधिकाऱ्यालाही आदेश देऊ शकते. समजा, मिरजेतून एखाद्याला कर्नाटक पोलिसांनी नेऊन बेळगावात ठेवले. घरच्यांना कोल्हापूरही मोकळे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठही.

न्यायदंडाधिकाऱ्याने कोठडी दिली की हेबियस सहसा टिकत नाही. मग वाट जामिनाची. कोठडीचा आदेशच मुळात अधिकाराबाहेरचा किंवा पूर्णपणे बेकायदा असेल तर गोष्ट वेगळी. धोकादायक गुंडांना खटल्याविना अडकवून ठेवू देणाऱ्या एमपीडीए या राज्याच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याने काढलेल्या स्थानबद्धतेच्या आदेशाला मात्र याच याचिकेने आव्हान देतात. उच्च न्यायालयाने ती फेटाळली तर तेच मुद्दे घेऊन तिथेच पुन्हा जाता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे राहते, मग ते अपिलाची परवानगी मागून असो की थेट अनुच्छेद ३२ खाली.

कोंडणारा खासगी माणूस असेल, सुनेला माहेरी जाऊ न देता खोलीत डांबले असेल, तर कोल्हापूर गाठण्याआधी जवळचा उपाय आहे. ही कोंडी गुन्हा ठरण्याजोगी आहे असे मानण्यास कारण असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, जिल्हादंडाधिकारी किंवा प्रांताधिकारी झडतीचे वॉरंट काढू शकतात. पोलीस घरी जातात आणि सापडलेल्या व्यक्तीला लगेच त्यांच्यापुढे आणतात.