चार कोटी अंकांची मूळ संख्या तपासायची कशी?

मुंबईतल्या फोर्टच्या जीपीओचा पिनकोड ४००००१ ही मूळ संख्या नाही; ७ ने भागलं की नेमके ५७,१४३ येतात. वडाळ्याचा ४०००३१ आणि काळाचौकीचा ४०००३३ मात्र दोन्ही मूळ, शिवाय फरक दोनचाच, म्हणून जुळ्या. हे पडताळायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६३२ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. कंटाळवाणं, पण वही-पेनाने होण्यासारखं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येपुढे ही रीत हात टेकते. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा. उत्तरात ४,१०,२४,३२० अंक येतात आणि नुसतं वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकी. भागाकाराचा नाद सोडावाच लागतो.

अशा, म्हणजे ‘२ चा घात वजा १’ या मर्सेन संख्यांसाठी ल्युका-लेहमर चाचणी आहे. घातांक आधी स्वतः मूळ असायला हवा. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हेच. घातांक ७ असेल तर संख्या १२७, पायऱ्या पाच: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, १२७ मूळ. घातांक ११ ला नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात, म्हणून २०४७ मूळ नाही. ती २३ गुणिले ८९ आहे, पण अवयव कोणते हे चाचणी सांगत नाही.

खरी गंमत बाकी काढण्यात आहे. वर १४ नंतर १९४ आले होते, बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर, ११००००१०. उजवीकडचे सात अंक, १००००१० म्हणजे ६६, वेगळे काढा आणि उरलेला १ त्यात मिळवा: ६७. भागाकार केलाच नाही! संगणकाला हे फार सोयीचं पडतं.

तरीही साडेतेरा कोटींहून जास्त वर्ग, तेही एकामागून एक, कारण प्रत्येक पायरीला आधीचं उत्तर लागतं. एवढे मोठे गुणाकार फूरिए रूपांतर या झटपट गुणाकाराच्या गणिती युक्तीने, दशांश अपूर्णांकांत होतात. शेवटी पूर्णांकात आणताना एक जरी अंक चुकीचा वळला की पुढचं सगळं वाया, आणि मूळ संख्या गुपचूप निसटते. मेमरीत मध्येच शून्य शिरलं तर पुढे −२, मग २, २, २ असंच चालू राहतं. म्हणून आता आधी फर्मा या गणितज्ञाच्या प्रमेयाच्या धर्तीची चाचणी घेतात, कारण तिच्यात चूक वाटेतच पकडता येते; मात्र ती ‘बहुधा मूळ’ एवढंच सांगते. ल्यूक ड्युरँट यांनी शोधलेल्या ऑक्टोबर २०२४ च्या संख्येला डब्लिनमधल्या जीपीयूने (ग्राफिक्स चिपने) ‘बहुधा मूळ’ ठरवलं. ल्युका-लेहमर चाचणी नंतर वेगळ्या यंत्रावर झाली.

मुंबईच्या बीकेसीतल्या बँकांना या संख्येचा काही उपयोग नाही. माहिती गुप्त ठेवणाऱ्या २०४८ बिटच्या आरएसए कुलपाला सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात, आणि त्या कुणाला माहीत नसाव्या लागतात.