पाचटातलं तेल आणि चुलीतला धूर

परवा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ आला. ड्रममध्ये उसाचं पाचट, खाली जाळ, नळीतून काळं तेल ठिबकतंय. आणि वर मथळा, ‘शेतातल्या कचऱ्यापासून डिझेल’. तेल खरं आहे. डिझेल मात्र नाही. १९९६ साली तमिळनाडूतल्या एकाच्या, जडीबुटीपासून पेट्रोल बनवल्याच्या दाव्यावर अख्खा देश भाळला होता आणि तो दावा फसवा निघाला, त्याची आठवण झाली.

चुलीत लाकूड नुसतं धुमसतंय, सगळ्यांचे डोळे चुरचुरताहेत, आणि कुणीतरी फुंकणी मारताच तो धूरच भपकन पेटतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. ज्वालेत जळते ती लाकडातून सुटलेली वाफ. मागे उरलेला कोळसा नंतर निखारा होऊन जळतो. हवा तोडून नुसती उष्णता दिली, तर वाफही पेटत नाही आणि कोळसाही. हेच पायरोलिसिस. वाफ थंड केली की काळं तेल मिळतं, न थिजलेला भाग वायू म्हणून उरतो.

आता आत काय घडतं ते बघा, मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. लाकूड काय, पाचट काय, मुख्यतः तीन घटकांचं बनलेलं असतं: हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन. साधारण २२० अंश सेल्सिअसपुढे हेमिसेल्युलोज मोडायला लागतं आणि त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. ३१५ ते ४०० अंशांत सेल्युलोजची पाळी. ही ग्लुकोजची लांबलचक साखळी. तिची एकेक कडी तुटून स्वतःतच वळते आणि लेव्होग्लुकोसान नावाचा रेणू बनून वाफेत निसटते. लिग्निन सावकाश मोडतं, कोळशाचा मोठा वाटा त्याचा. पण ही वाफ गरम कोळशापाशी रेंगाळली, तर पुन्हा फुटते, तेल घटतं, वायू वाढतो. म्हणून तेल हवं असेल तर बारीक भुसा ५०० अंशांच्या आसपास झटक्यात तापवून वाफ एक-दोन सेकंदांत थंड करावी लागते. व्हिडिओतल्या ड्रमला हे जमणं शक्य नाही. त्यात पाचटातलं पोटॅशियम उत्प्रेरकाचं काम करतं, कडी वळण्याआधीच तिचे तुकडे पाडतं. लाकडातून किती तेल निघतं याचे आकडे पाचटाला लावता येत नाहीत ते यामुळे.

बरं, जमलं तरी त्या तेलात १५ ते ३० टक्के पाणी, पीएच २ ते ३, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतकं आंबट. किलोमागे उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी. इंजिनात घातलंत तर पंप आणि नोझल गंजतील. ऊर्ध्वपातन करावं म्हटलं, तर तापवताच ते घट्ट होत जातं. रेणूंतला ऑक्सिजन काढायला हायड्रोजन लागतो, दाबाखाली, आणि तो फुकट मिळत नाही.

ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान घडवणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ (ARTI) संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, तेलाचा नाद केलाच नाही. त्यांच्या भट्टीत पाचट बंद पिंपात तापतं आणि सुटलेला वायू भट्टीतच जळून उरलेलं पाचट तापवतो. कोळशाची भुकटी खळीत कालवून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली ब्रिटनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. कांडी शेगडीत पेटवली की फारसा धूर येत नाही, तो भट्टीतच जळून गेलेला असतो.