त्याला कळू देऊ नका, तिला सांगू नका

कॅन्सरच्या ओपीडीत हे नेहमी दिसतं. बायको वजन करायला आत जाते तेवढ्यात नवरा खुर्ची पुढे ओढून दबक्या आवाजात विचारतो, "डॉक्टर, खरं किती पसरलंय? पण तिच्यासमोर बोलू नका, ती खचेल." पुढच्या खेपेला तो बिलाच्या रांगेत उभा असतो, तेव्हा ती नर्सला गाठते. "ह्यांना सांगू नका हं, पण या औषधाने खरंच गुण येतो का?" दोघांनाही बहुतेक सगळं ठाऊक असतं. घरी जाताना मात्र ते मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत राहतात.

हे वागणं संशोधकांच्या नजरेत भरलं ते हृदयविकाराच्या रुग्णांमुळे. १९९१ साली जेम्स कॉयन आणि डेव्हिड स्मिथ या अमेरिकेतल्या संशोधकांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांच्या बायकांचा अभ्यास केला. नवऱ्याला ताप नको म्हणून आपली काळजी गिळायची, वादाचा विषय आला की गप्प बसायचं, पटत नसलं तरी मान डोलवायची. या आडपडद्यामागे प्रेमच होतं, पण ज्या बायका तो जास्त पाळत होत्या, त्यांचा स्वतःचा मानसिक ताणही जास्त होता. पुढे कॅन्सरच्या रुग्णांमध्ये आणि त्यांच्या जोडीदारांमध्येही हेच चित्र वारंवार दिसलं. अर्थात आधी ताण आणि मग लपवाछपवी, की उलट, हे अशा पाहण्यांतून नक्की ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

लपवल्याने समोरच्याचं तरी भलं होतं का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्या करून त्यांना मन विषण्ण करणारा माहितीपट दाखवला आणि मग त्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांतल्या एकीला गुपचूप सूचना होती की मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. दुसरीला याचा पत्ताही नव्हता, तरी तिचाही रक्तदाब वाढला. दगडी चेहऱ्याच्या माणसाशी बोलणं शरीराला जड जातं. काही वेळापुरत्या ओळखीत ही गत, तर वीस वर्षं एका ताटात जेवलेल्यांचं काय होत असेल! नवरा 'मी ठीक आहे' म्हणतो तेव्हा ते खोटं आहे हे बायकोला आवाजावरूनच कळतं. फक्त तो का लपवतोय हे कळत नाही, आणि तिथे मन भलतंसलतं भरून टाकतं.

याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रिया आणि त्यांच्या जवळच्या माणसांना निदानानंतर काही महिन्यांच्या अंतराने दोनदा गाठलं. शारीरिक त्रास वाढला की जवळच्यांची मदत वाढत होती. मनाचा त्रास वाढला की ती कमी होत होती. हात उचलता येत नाही म्हटलं की नवरा कुकर लावायला उठतो, आणि ती रडायला लागली की त्याला नेमका फोन येतो. याला निव्वळ निष्ठुरपणा म्हणता येणार नाही. कुकरचं काय करायचं हे त्याला माहीत असतं, रडण्याचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं.

आपल्याकडे पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. २०२२च्या अंदाजानुसार स्त्री-पुरुष मिळून भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे वर्षभरात सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले. तंबाखू, खर्रा, मावा हे यामागचं मोठं कारण. त्यामुळे या आजारात नवरा-बायकोमध्ये एक जादा गोष्ट बसलेली असते. लग्न झाल्यापासून ती सांगत आलेली असते, "सोडा हो ते." आता जबड्याचं ऑपरेशन झालंय, नाकातून नळी टाकलीय. ती पातळ वरण-भात मिक्सरमधून काढते, नळीत अडकू नये म्हणून दोनदा गाळते, त्याला टेकून बसवते आणि सिरिंजने सावकाश सोडते. मग नळी पाण्याने धुते. दोन-अडीच तासांनी पुन्हा तेच. हे करताना 'सांगत होते ना' हे शब्द तिच्या ओठांवर येतात आणि ती गिळते. त्याला ते न बोलता ऐकू येतात. त्याला उत्तर द्यायचं तर पाटीवर लिहावं लागतं, आणि अपराधीपणा पाटीवर मावत नाही. तो लिहितो, 'भूक नाही.' अशा घरांत राग हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही, कारण आजारी माणसावर रागावणं म्हणजे पाप. माझ्या मते तिचा राग आणि तिची सेवा दोन्ही खरी आहेत. डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने हे एकदा मोठ्याने म्हटलं तरी दोघांनाही सुटल्यासारखं वाटेल.

ताण जास्त कुणाला, रुग्णाला की जोडीदाराला? नेदरलँड्समधल्या मारिएट हागेडोर्न आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उत्तर अनपेक्षित निघालं. आजारी कोण याच्यापेक्षा बाई कोण याने जास्त फरक पडत होता. रुग्ण असो वा काळजीवाहक, स्त्रियांनी सांगितलेला ताण जास्त होता. पुरुष सांगतच कमी असतील, ही शक्यता धरूनच हे वाचायला हवं.

आजारपणात नवरे बायकांना सोडून जातात, हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याला एक आधार आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ५१५ रुग्णांच्या अभ्यासात बायको आजारी असेल तर २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली, नवरा आजारी असेल तर २.९ टक्के. पण त्यात मेंदूतल्या गाठींचे रुग्ण बरेच होते, आणि त्या आजारात माणसाचा स्वभावच पालटू शकतो. डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींवर आधारलेल्या पाहणीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अपवाद सोडला तर घटस्फोटाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आणखी एका गाजलेल्या अमेरिकी शोधनिबंधात तर पाहणीतून गळालेली जोडपी आकडेमोडीत चुकून घटस्फोटित धरली गेली होती. चूक लक्षात आल्यावर तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे घटस्फोटाच्या आकड्यांवरून काही कळणारही नाही, कारण केमो सुरू झाली की बायकोला 'आरामासाठी' माहेरी धाडतात आणि त्याची नोंद कुठल्याच कोर्टात होत नाही.

मग सगळं बोलून टाकावं का? इथे मासिकांतले सल्ले जरा घाई करतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लॉरा पोर्टर यांच्या गटाने पचनसंस्थेचा कॅन्सर असलेल्या १३० रुग्णांवर त्यांच्या जोडीदारांसह प्रयोग केला. निम्म्या जोड्यांना आजाराची माहिती आणि आधार मिळाला. बाकीच्यांना चार सत्रांत एकच गोष्ट शिकवली: रुग्णाने मनातलं बोलायचं आणि जोडीदाराने ऐकायचं. उपाय सुचवायचा नाही, 'काही होत नाही गं' म्हणायचं नाही, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. नात्यातली जवळीक वाढली, पण ती मुख्यतः अशा जोड्यांत, जिथे रुग्ण आधी बरंच काही मनात दाबून ठेवत होते. जे मुळात मोकळे होते, किंवा ज्यांना फारसं सलत नव्हतं, त्यांना विशेष फरक पडला नाही. म्हणजे गप्प बसलेल्या प्रत्येकाला बोलतं करायची गरज नसते. गप्प बसून जो आतून झिजतोय, तो ओळखायचा असतो.

नातेवाइकांचं 'पॉझिटिव्ह राहा' इथे आड येतं. कॅन्सर रुग्णांच्या मानसिक आरोग्याची स्वतंत्र शाखा उभी करणाऱ्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड याला सकारात्मक विचारांची हुकूमशाही म्हणत. भीती वाटली की माणसाला वाटतं, आपल्या भीतीनेच गाठ वाढेल. तसं काही होत नाही. त्यांच्याच पुढाकाराने थर्मामीटरसारखी एक साधी पट्टी प्रचारात आली. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. 'कसं वाटतंय?' याला सगळे 'बरं' म्हणतात. आकडा विचारला की 'सात' म्हणणं त्या मानाने सोपं जातं. ही पट्टी रुग्णासाठी आहे, पण जोडीदारालाही विचारायला पैसे पडत नाहीत.

दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई पलीकडे जागी असताना, हे बोलायचं कुठे हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पाश्चात्त्य अभ्यासांत तो फारसा येत नाही. रेडिएशनसाठी बऱ्याचदा आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे जावं लागतं. तो येण्या-जाण्याचा वेळ निदान दोघांचा असतो, आणि शेजारी बसून बोलताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. सुरुवात भीतीपासूनच करायला हवी असंही नाही. आज डॉक्टरांना काय विचारायचं याची एकच यादी दोघांनी मिळून करायची, आणि ती दोघांसमोर वाचायची. ज्याला जितकं ऐकायचं नसेल, तितकं त्याने तिथेच सांगावं. तोही त्याचा हक्क आहे, फक्त तो त्याने स्वतः बजावायचा, जोडीदाराने परस्पर नाही.