बॅलन्स हलवण्याआधी एवढे वाचा

"बॅलन्स तुमच्याकडे आणून दिला तर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित वजनांशी पडताळणी, होईल का?" ॲनालिटिकल बॅलन्सबाबत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या अतिसूक्ष्म वजनकाट्याबाबत, आमचे उत्तर 'नाही' असेच असते. वजने घेऊन आम्हीच तुमच्याकडे येतो.

इलेक्ट्रॉनिक बॅलन्स वस्तुमान थेट मोजत नाही. तो पॅनवरचे बल मोजतो आणि आत साठवलेल्या गुणकाने त्याचे ग्रॅम करून दाखवतो. त्या गुणकात त्या जागेचे गुरुत्वत्वरण धरलेले असते. हे त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८० मी/से² आणि ध्रुवांवर ९.८३२ असते. पुस्तकातला ९.८०६६५ हा ठरवून घेतलेला आकडा आहे, तुमच्या टेबलावरचा नव्हे. उंचीचाही परिणाम होतो. एक मजला, म्हणजे ३ मीटर वर गेलात, तर त्वरण दहा लाखांत सुमारे एक भागाने घटते. २०० ग्रॅमवर हा फरक ०.२ मिग्रॅ होतो आणि ०.१ मिग्रॅ दाखवणाऱ्या बॅलन्सवर तो चक्क दिसतो.

सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो: आम्ही प्रमाणपत्र देऊन निघतो, महिन्याभराने बॅलन्स दुसऱ्या खोलीत जातो आणि जुनेच प्रमाणपत्र फायलीत राहते. आतले वजन असलेल्या बॅलन्सवर ॲडजस्टमेंटचे, म्हणजे गुणक पुन्हा बसवण्याचे, बटण दाबले की त्वरणाचा फरक निघतो, हे खरे. पण नव्या टेबलाचा कंप आणि एसीचा झोत त्याने जात नाही. प्रमाणपत्रातल्या अनिश्चिततेत (वाचन खऱ्या किमतीपासून किती इकडेतिकडे असू शकते, त्या आकड्यात) जुन्या जागेवरची पुनरावृत्ती, म्हणजे तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवल्यावर वाचनांत पडणारा फरक, मोजलेली असते, म्हणून ती नव्या जागेला लागू धरता येत नाही.

हलवावाच लागला तर आधी लेव्हलचा बुडबुडा मध्यभागी आणा. मग उत्पादकाने सांगितला आहे तेवढा वेळ वीज चालू ठेवा. शक्य असेल तर रात्रभर. त्यानंतरच ॲडजस्टमेंट करा आणि ई२ वर्गाच्या (अचूकतेच्या वरच्या श्रेणीतल्या) वजनाने तपासून नोंद ठेवा.

मात्र आम्ही येण्याच्या दिवशी ते बटण दाबू नका. 'जसा आढळला तसा', म्हणजे बॅलन्समध्ये काहीही न बदलता घ्यायचे, हे वाचन पुसले गेले, तर मागच्या कॅलिब्रेशनपासूनची तुमची मोजमापे बरोबर होती की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

"डिस्प्लेवर ०.१ मिग्रॅ दिसतो, मग तुम्ही ±०.३ का लिहिता?" डिस्प्लेचा शेवटचा अंक म्हणजे विभेदन. अनिश्चिततेत त्याखेरीज पुनरावृत्ती, तापमानामुळे होणारा फरक आणि आमच्या वजनांची स्वतःची अनिश्चितताही येते. २०० ग्रॅमच्या ई२ वजनालाच ±०.३ मिग्रॅची सूट असते. आम्ही के = २ धरून (मूळ अनिश्चिततेला दोनने गुणून), म्हणजे सुमारे ९५ टक्के विश्वासपातळीवर आकडा देतो. तो लहान दाखवणे सोपे आहे, पण आम्ही ते करत नाही. कमी भारावर अनिश्चितता ०.१ मिग्रॅ असली, तरी २० मिग्रॅ पावडर तोलताना ती ०.५ टक्के होते. तुमच्या कामासाठी किमान किती तोलावे, ते विचारलेत तर त्याच भेटीत काढून देतो.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बसवली आहे. पण त्यामुळे तुमची जुनी वजने बाद झालेली नाहीत.

जागा बदलायची ठरली की आधी कळवा. हलवण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वाचने घ्यायला आम्ही येऊ.